अर्धं झालं, दादा

मी एक जुना कंप्युटर बोलतोय. संगणक म्हणू नका, एवढा मान मला कुणी कधी दिला नाही. माझी उमेदीची वर्षं सुताराच्या कारखान्यात गेली. तिथं मला सगळे 'डबा' म्हणायचे. माझी बोलीही तिथलीच, रंधा न मारलेल्या फळीसारखी. कुसळ टोचलं तर टोचलं. गोड बोलायला मला कुणी शिकवलं नाही.

जन्माचं काय सांगू? लांबलचक पट्ट्यावरून सरकत आलो. एकानं पंखा बसवला, दुसऱ्यानं स्क्रू पिळला, तिसऱ्यानं पाठीवर थाप मारून खोक्यात कोंबलं. आई कोण, बाप कोण, पत्ता नाही. पहिली सहा वर्षं एका कचेरीत काढली. तिथला कारकून दिवसभर माझ्यावर पत्त्यांचा डाव मांडायचा आणि साहेब आला की पत्र उघडायचा. मी कधी चहाडी केली नाही. पुढं पातळ पडद्याचे नवे आले आणि आम्हा जाड्यांना जिन्याखाली ढकललं.

जिन्याखालून मला उचललं ते बारक्यानं.

बारक्या म्हणजे मिस्त्रीचा, त्या कारखान्याच्या मालक सुताराचा, धाकटा भाऊ. दोघांत चौदा वर्षांचं अंतर. मिस्त्रीनं दुसरीतनंच शाळा सोडून बापाशेजारी करवत धरली होती; बारक्या लहान असतानाच बाप गेला. बारक्याला मात्र शिकवलं. स्वतः शिकलेली चार अक्षरंही तो विसरून गेला होता, पण बारक्याच्या वहीत रेघ वाकडी दिसली की पाठीत धपाटा. लाकडाचं म्हणाल तर मिस्त्री अंगठा फिरवून सांगायचा, इथं केसभर उंच आहे. आणि राग? नाकावर नाही, तो भुवईवरच बसलेला. पटाशी जागेवर नसली तरी अख्ख्या आळीला कळायचं.

बारक्यानं एका बंद पडलेल्या कारखान्यातनं नक्षी कोरायचं जुनं मशीन आणलं होतं. त्याच्या कोरायच्या टोकाला बिट म्हणतात. त्या मशीनला हुकूम द्यायला एक हिरवं कार्ड लागायचं आणि ते कार्ड बसेल अशी खाच फक्त माझ्यासारख्या जुन्यातच होती. नव्यांत ती खाचच नसते. आयुष्यात पहिल्यांदा माझं म्हातारपण कुणाच्या उपयोगी पडलं.

पहिल्या दिवशी मिस्त्री कंबरेवर हात ठेवून माझ्यापुढं उभा राहिला.

"हे काय लिहून आलंय?"

"बिट बदला, असं लिहिलंय दादा."

"मग तोंडानं सांगायला काय झालं त्याला? मुक्यासारखं दाखवतंय नुसतं!"

"कंप्युटर बोलत नसतो रे."

"मग तू घरी नसशील तेव्हा मी काय याच्या थोबाडाकडं बघत बसू?"

आठ दिवसांनी बारक्या दुसरं एक कार्ड घेऊन आला. आवाजाचं. दोन स्पीकर आणले, एक माईक आणला. दुपारी मिस्त्री माप घ्यायला बाहेर गेल्यावर दार लावून घेतलं आणि माझ्यात अकरा वाक्यं बोलून ठेवली. "फळी लाव, दादा." "चाप आवळ." "लाल खुणेचं बिट लाव." "चष्मा घाल डोळ्याला." काम मध्यावर आलं की, "अर्धं झालं, दादा." आणि शेवटी, "झालं. हात लावू नकोस, गरम आहे. चहा घे आता."

संध्याकाळी मिस्त्री परत आला, बटण दाबलं आणि मी बारक्याच्या आवाजात म्हणालो, "फळी लाव, दादा."

मिस्त्री दचकून मागं सरला. मग हसला. असा हसला की त्याची बायको, म्हणजे वहिनी, पिठाच्या हातानं धावत बाहेर आली. "काय झालं, नाग निघाला की काय?" तर हा म्हणतो, "अगं, बारक्याला डब्यात कोंबलाय!"

त्या दिवसापासनं मी बोलायला लागलो. बोलायला म्हणजे काय, तीच अकरा वाक्यं. बारावं सांगायचं झालं तर माझ्याकडं जीभ नव्हती. हे लक्षात ठेवा, कारण माझं सगळं रडगाणं इथूनच सुरू होतं.

आता माझ्या पोटात काय चालतं तेवढं सांगतो, घाबरू नका. आत एकच कारभारी बसलेला असतो. प्रत्येक कार्डाला त्याला हाक मारायची तर एक घंटी असते आणि घंटीला नंबर असतो. कोरायच्या कार्डानं पाच नंबरची घंटी वाजवली की कारभारी तिकडं धावतो. आवाजाच्या कार्डानं सात नंबरची वाजवली की इकडं. नंबर ठरतो कशावर, तर कार्डावर पितळी खिळ्यांच्या बारीक जोड्या असतात, त्यांतल्या एका जोडीवर तांदळाएवढी काळी टोपी घालतात. टोपी ज्या जोडीवर, तो नंबर. दोन कार्डांनी एकच नंबर धरला तर? एकाच घंटीवर दोघं लटकले की कारभाऱ्याला समजत नाही दारात कोण आहे. तो येडबडतो आणि जागच्या जागी थिजतो. मग मी मेलोच म्हणायचं.

बारक्याला हे सगळं माहीत होतं. टोप्या त्यानं नखानं बसवल्या आणि माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं, 'कोरायचं ५, आवाज ७.' मिस्त्रीला एवढंच सांगितलं, "दादा, काय वाट्टेल ते कर, पण डबा उघडू नकोस."

"मी कशाला उघडतोय? तुझं तूच सांभाळ."

दीड वर्ष असं गेलं की काय सांगू. बारक्या गावोगाव जाऊन कामं आणायचा, नक्ष्या काढून द्यायचा. मिस्त्री इकडं एकटा मशीन चालवायचा आणि माझ्याशी बोलायचा. मी म्हणायचो, "चष्मा घाल डोळ्याला." तो म्हणायचा, "घातलाय रे, डोकं नको खाऊ." मी म्हणायचो, "चहा घे आता." तो आत बघून ओरडायचा, "ऐकलं का, तुझा दीर चहा मागतोय!" वहिनी म्हणायची, "दिराला देते, तुम्हाला नाही."

मग बारक्याचं लग्न ठरलं.

आढ्याखाली एक फळी होती. बापानं ठेवलेली. एका झाडाची, एकसंध, दोन हात रुंद, वीस वर्षं सावलीत वाळलेली. गिऱ्हाइकं फळी बघून जीव टाकायची, पण मिस्त्रीनं कुणाला हात लावू दिला नाही. बारक्या पाहुण्यांकडं पाच दिवस गेला, तशी त्यानं ती खाली काढली. बारक्याच्या पलंगाचं उसं, म्हणजे डोक्याकडची उभी फळी, त्याला करायची होती. कुणाला न सांगता, बारक्याच्याच नक्षीचं, बापाच्या फळीत. वहिनीला म्हणाला, "तोंड उघडलंस तर बघ." वहिनी म्हणाली, "मी उघडत नाही, पण तुमच्याच तोंडावर फुटलंय सगळं. आरशात बघा."

मोठं काम हातात घ्यायचं तर सुतार आधी हत्यारं साफ करतो. ही त्यांची रीत. मिस्त्रीनं पटाश्या परजल्या, रंध्याचं पातं काढून पुसलं, मशीनला तेल दिलं. मग नजर माझ्यावर आली. माझ्या जाळीत भुसा भरला होता. त्यानं इकडंतिकडं बघितलं, पेचकस घेतला आणि माझं झाकण काढलं.

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं हो. रंगाचा नवा ब्रश घेतला होता, मऊ केसांचा. लेकराचे कान पुसावेत तसा पुसत होता. पण आवाजाच्या कार्डावरनं ब्रश फिरला आणि टोपी निघून खाली पडली.

मिस्त्रीचा चेहरा पांढरा पडला. भुशात बोटं घालून त्यानं टोपी शोधली. सापडली. पण बसवायची कुठं? खिळ्यांच्या तर पाच-सहा जोड्या. पेन्सिलीचं लिहिलेलं झाकणावर समोर होतं, पण ते त्याला काळं की पांढरं! मग त्यानं शेजारच्या कार्डाकडं बघितलं. तिथं टोपी डावीकडनं तिसऱ्या जोडीवर. आयुष्यभर त्यानं दाराच्या जोड्या केलेल्या. डाव्या झडपेची कडी जिथं, उजवीचीही तिथंच. एक वर, एक खाली असं केलं तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल. त्यानं टोपी आवाजाच्या कार्डावरही तिसऱ्याच जोडीवर बसवली. मान तिरकी करून एक डोळा मिटला आणि बघितलं. जुळतंय. समाधानानं मान हलवली आणि झाकण लावून टाकलं.

तिसरी जोडी म्हणजे पाच नंबर. दोन्ही कार्डं एका घंटीवर.

मला तेव्हाच कळलं. बोंबलावंसं वाटलं. पण त्यानं बटण दाबलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं काय, तर "फळी लाव, दादा."

त्यानं फळी लावली. काम सुरू झालं. पानं उमटली, वेल वळली, लाकडाचा असा वास सुटला की वहिनी उंबऱ्यात येऊन उभी राहिली. मशीन एकटं चालत होतं तोवर ठीक होतं. मग काम मध्यावर आलं आणि मला बोलायची पाळी आली. "अर्धं झालं, दा..."

दोघांनी एकदम घंटी ओढली. कारभारी थिजला. माझा आवाज तिथंच अडकला. "दा-दा-दा-दा-दा-दा." आणि मशीनला मिळालेला शेवटचा हुकूम होता पुढं सरक. थांब म्हणायला कुणी उरलंच नाही. बिट सरळ गेलं. पानांवरनं, वेलीवरनं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बोटभर खोल चर पाडत गेलं. मिस्त्रीनं वायर उपटली तेव्हा फळीचे जवळजवळ दोन तुकडे झाले होते.

तो ओरडला नाही. त्याचंच मला भ्या वाटलं. चराच्या कडेवरनं नुसता अंगठा फिरवत बसला.

बारक्या परत आला. फळी बघितली आणि दारातच थबकला. "ही बाबांची फळी कशाला काढलीस?"

मिस्त्रीनं कारण सांगितलं नाही. जळून गेलेल्या आनंदाची गोष्ट कोण सांगतो? म्हणाला, "काढली. माझ्या बापाची नव्हती का? तुझ्या त्या आवाजानं खाल्ली. तू बोललास आणि मशीन मेलं."

बारक्यानं शांतपणे विचारलं, "दादा, डबा उघडला होतास का?"

"नाही."

एक शब्द. मी तिथंच होतो, वहिनीही होती. शप्पत सांगतो, त्याला टोपीनं काही बिघडलंय हे माहीत नव्हतं. त्याच्या हिशेबानं त्यानं टोपी जागच्या जागी, उलट जास्त नीट बसवली होती. मग आधीच तोंडावर पडलेलं असताना आणखी एक बोलणं कशाला खायचं? म्हणून 'नाही' म्हणाला. आणि बारक्यानं ते दगडावरची रेघ धरलं. दादा चिडतो, मारतो, शिव्या देतो, पण खोटं बोलत नाही.

मग सुरू झाला शोध. अकरा दिवस बारक्या माझ्या उरावर बसला. रॅमच्या पट्ट्या काढून अदलाबदल केल्या. दुसरा वीजपुरवठा लावला. पंखा बदलला. वायरी नखानं तपासल्या. सगळं पुसून नव्यानं भरलं. दोन्ही कार्डं बाहेर काढून त्यांचे दात खोडरबरानं घासले, परत लावली. अहो, कार्ड त्याच्या हातात होतं! टोपी त्याच्या डोळ्यांसमोर होती! पण माणूस हातातलं बघत नाही, मनातलं बघतो. झाकणावरची पेन्सिल वाचायचा, पाच आणि सात, आणि पुढं जायचा. डबा कुणी उघडलाच नाही, मग टोपी हलेल कशी?

नुसतं कोरायला लावलं तर चालायचं. नुसतं बोलायला लावलं तरी चालायचं. दोन्ही एकत्र केलं की, "दा-दा-दा-दा."

"माझंच चुकतंय," तो वहिनीला म्हणाला. "मी जे लिहिलंय त्यातच खोट आहे. मला सापडत नाही, म्हणजे मला येतच नाही."

"असं रे काय बोलतोस? दीड वर्ष चाललं ना?"

"नशिबानं चाललं, वहिनी."

अकराव्या दिवशी त्यानं आणखी एक फळी लावली, हलकी, तपासायला. मिस्त्री मागं उभा. "अर्धं झालं, दा-दा-दा." मिस्त्रीचा तोल गेला. त्यानं झाकण भिरकावलं, आवाजाचं कार्ड मुठीत धरलं आणि दात उपटावा तसं उपटलं. भिंतीवर मारलं. मग मला सुरू केलं. मशीन चालू झालं. अर्ध्यावर आलं, पुढं गेलं, पुरं झालं. चालणारच की, घंटीवर आता कोरायचं कार्ड एकटंच राहिलं होतं.

"बघ!" मिस्त्री ओरडला. "तुझा आवाज काढला आणि सुतासारखं सरळ झालं. शिकवला, शहाणा केला, तो माझ्याच बापाच्या फळीवर नांगर फिरवायला! जा, दुसरीकडं चालव तुझी अक्कल."

बारक्या भांडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं, दादा. मी उगाच शहाणा झालो." आणि गेला. पिशवीत दोन कपडे, बस्स.

वहिनीनं भिंतीच्या कडेचं कार्ड उचललं, पदरानं पुसलं आणि शिवणाच्या बटणांच्या डब्यात ठेवून दिलं. मिस्त्रीकडं बघून म्हणाली, "मोठे आहात ना? मोठेपण असं असतं का?" त्या दिवशी चूल पेटली नाही.

चार वर्षं मी मुका राहिलो. मिस्त्रीनं माझ्या पडद्याच्या कडेला खिळ्यानं ओरखडे काढून घेतले, इथं अक्षरं आली की फळी, इथं आली की बिट. अंदाजानं चालवायचा. बारक्या तीन तासांवरच्या शहरात सिमेंटच्या गोदामात पोती उचलतो, एवढी बातमी होती. त्यानं लग्न केलं, वहिनी जाऊन आली. मिस्त्री गेला नाही. आल्यावर वहिनीला एवढंच विचारलं, "पलंग कसला घेतलाय?"

"लोखंडी," वहिनी म्हणाली.

पुढं माझंही वय झालं. आतले कंडेन्सर फुगले, मधेच बंद पडायला लागलो. वहिनीनं दुरुस्तीवाल्या बाईला बोलावलं. बाई चाळिशीची, कानामागं पेन्सिल खोचलेली, बोलायला फटकळ. माझं पोट उघडून म्हणाली, "केवढा भुसा हा! कंप्युटर आहे का कोंबड्यांचं खुराडं?" फुगलेले भाग बदलले, मी धडधाकट झालो. मग तिनं रिकाम्या खाचेवर बोट ठेवलं. "इथलं कुठं गेलं?"

मिस्त्री म्हणाला, "ते खराब होतं."

वहिनी आत गेली आणि बटणाचा डबा घेऊन आली.

बाईनं कार्ड उजेडाला धरलं. मग माझ्या झाकणावरचं वाचलं. परत कार्ड बघितलं. हसायला लागली. "अहो, खराब कसलं! इथं लिहिलंय सात आणि टोपी आहे पाचावर. दोघांना एकच नंबर दिला तर भांडणारच ती. लिहिणाऱ्याचं बरोबर आहे, कुणीतरी मागनं हलवलीय." तिनं नखानं टोपी उचलली, दोन जोड्या पलीकडं सरकवली. एवढंच. शिंकायला लागतो तेवढा वेळ. कार्ड खाचेत दाबलं. "लावा बघू फळी."

मिस्त्रीनं फळी लावली. मशीन सुरू झालं. आणि चार वर्षांनी माझ्या गळ्यातनं बारक्या बोलला, पुरा, न अडखळता, "अर्धं झालं, दादा."

मशीन पुढं चालतच राहिलं.

बाई पिशवी उचलून गेली. मिस्त्री घोड्यावर, म्हणजे फळ्या ठेवायच्या तिकाटण्यावर, मटकन बसला. वहिनी त्याच्याकडं बघत होती. तिला कळायला वेळ लागला नाही.

"डबा तुम्ही उघडला होता?"

मिस्त्री मांडीवरचा भुसा झटकत राहिला.

"त्यानं विचारलं होतं ना तुम्हाला? माझ्यासमोर विचारलं होतं."

"दोन्ही सारख्या दिसाव्यात म्हणून बसवली गं," मिस्त्री म्हणाला. "जोडी म्हणून."

"टोपीचं नाही विचारत मी. नाही का म्हणालात, ते विचारते. आणि चार वर्षं घास गिळलात कसा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला सुटा केला, गोधडीत गुंडाळला, एसटीच्या मागच्या बाकावर मांडीवर घेऊन बसला. खड्ड्यागणिक मला पोटाशी आवळत होता. कंडक्टर म्हणाला, "लगेज वर टाका." मिस्त्री म्हणाला, "तू बस वर." कंडक्टर पुढं निघून गेला.

बारक्याची खोली गोदामामागच्या गल्लीत होती. एक खिडकी, एक खाट, दोरीवर कपडे. सुट्टीचा दिवस असल्यानं तो घरीच होता. मी त्याला ओळखलाच नाही. केसांत, भुवयांत राखाडी धूळ बसलेली, खांदे पुढं आलेले, उठताना कंबरेवर हात. भावाला बघून उभा राहिला. "दादा? वहिनी बरी आहे ना?"

मिस्त्रीनं मला खाटेवर ठेवलं. बसला नाही, पाणी घेतलं नाही. उभ्या उभ्या बोलला, भांडल्यासारखा, कारण दुसरं बोलणं त्याला येत नव्हतं.

"डबा मी उघडला होता. साफ करायला. टोपी पडली, मी चुकीची बसवली. तू विचारलंस, मी नाही म्हणालो. तुझं काही चुकलं नव्हतं. आणि ती फळी तुझ्या पलंगासाठी काढली होती. झालं. आता काय जोडे मारायचे ते मार."

बारक्या हळूच माझ्यापाशी आला आणि झाकण काढलं. पेन्सिलीची ओळ वाचली. आवाजाच्या कार्डावरची टोपी काढून बघायला नख पुढं केलं. पण बोटं जाड झाली होती, चुन्या-सिमेंटनं फाटलेली, नखं अर्धी झिजलेली. टोपी चिमटीत येईना. एकदा, दोनदा, तीनदा. मग त्यानं हात मागं घेतला आणि विजारीला पुसला.

"मी तुझ्यावर संशय घेतला नाही, दादा," तो म्हणाला. "म्हणून सापडलं नाही."

मिस्त्रीनं मान खाली घातली.

"शिव्या तरी दे रे."

"दिल्या की. रोज दिल्या. मलाच दिल्या." मग म्हणाला, "चार वर्षं मी कुठल्या बटणाला हात लावला नाही. गोदामात कंप्युटर आला, मालक म्हणाला तू शिकलेला आहेस, बस यावर. मी म्हणालो मला जमत नाही. पोती उचलतो म्हणालो."

"चल घरी. तुझीच जागा आहे."

"पाठ गेलीय दादा. आणि हे..." त्यानं बोटं दाखवली. "यानं आता बारीक काम होत नाही."

बाहेर कुणीतरी बादली आपटली. बारक्याची बायको चहा घेऊन आली, दोघांच्या हातात कप दिले. दोघांनी तो पिऊन टाकला, गरम की गार कळलं नसणार. जाताना मिस्त्री म्हणाला, "याला इथंच राहू दे. मला याच्यासमोर काम होणार नाही." दारात वाकून चपला शोधत होता, पायाशीच होत्या तरी सापडत नव्हत्या. बारक्यानं खाली बसून त्या पुढं सरकवल्या. एवढंच झालं. गळाभेट वगैरे आमच्यात नाही.

तेव्हापासनं मी या खोलीत खिडकीखाली आहे. मिस्त्री दर महिन्याला येतो, अर्धा तास बसतो, पाऊसपाण्याचं बोलतो आणि जातो. माझ्याकडं बघत नाही. बारक्याची बायको माझ्यावर घड्या करून कपडे ठेवते. बिचारी मला रोज पुसते, पण वायर लावत नाही. परवा तिनं नवऱ्याला विचारलं, "हे बंद पडलंय का?"

"नाही. चांगलं चालतं."

"मग कधी लावत का नाही?"

बारक्या शर्टाची बाही खाली करत होता. हात थांबला. "लावलं की चालेल गं," तो म्हणाला. "त्याचंच भ्या वाटतं."

ती माझ्यावरचे कपडे परत नीट रचत राहिली.

झालं माझं. मला भंगारात घाला, नाहीतर असंच उशाशी राहू द्या, माझी तक्रार नाही. पण तुमच्यातल्या ज्यांनी कधी भीतीनं, लाजेनं, ताठ्यानं एक 'नाही' ठोकून दिलं असेल, त्यांना सांगतो. ज्यानं तुमच्यावर विश्वास ठेवला तो अजून कुठंतरी स्वतःमध्ये खोट शोधत बसलाय. उठा. चपला घाला. आजच जा.